पेडण्यातील ‘समुद्रकाठचा’ फ्लॅट आणि त्याच्यासोबत आलेला स्पा : ताबा घेतल्यानंतरचा अभिप्राय

उत्तर गोव्यातील पेडणे तालुक्यात, मोरजी ते हरमल या पट्ट्यात, ‘समुद्रकाठचे आलिशान घर आणि घरातच स्पा’ अशा जाहिरातींचे अलीकडे पीक आले आहे. त्यांपैकी एका संकुलात आम्ही दोन शयनगृहांचा फ्लॅट घेतला आणि ताबा मिळाल्यानंतरचा उन्हाळा व पावसाळा असे दोन्ही ऋतू तिथे राहून पाहिले. त्या अनुभवावर हा अभिप्राय आधारलेला आहे. बिल्डरचे नाव मुद्दाम देत नाही, कारण इथे मांडलेले बहुतेक प्रश्न अलिबागपासून काणकोणपर्यंत कोणत्याही किनारी प्रकल्पाला विचारावे लागतील. माझे मत आधीच सांगतो: घर म्हणून ही खरेदी मला पटते, पण स्पासाठी मोजलेली जादा किंमत पटत नाही. स्पा एकदा बांधून भागत नाही, तो रोज चालवावा लागतो, आणि तो कोणी, कोणाच्या पैशाने व कोणाच्या मालकीने चालवायचा हे विक्रीच्या टेबलावर कोणीही आपण होऊन सांगत नाही.

प्रथम समुद्राविषयी. विक्री कार्यालयातील छायाचित्रात लाट जवळजवळ बाल्कनीच्या कठड्याला लागलेली दिसते. प्रत्यक्षात संकुल भरतीरेषेपासून अर्ध्या किलोमीटरहून थोडे अधिक आत आहे, आणि ही गोष्ट मला दोष न वाटता दिलासा वाटते. किनारपट्टी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची, त्यानंतरची २०११ ची आणि पुढची २०१९ ची. गोव्याचा २०२२ मध्ये मंजूर झालेला किनारी आराखडा २०११ च्या अधिसूचनेवर बेतलेला आहे आणि तिच्यानुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा नवीन बांधकामासाठी बंद आहे, तर २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात मुख्यतः स्थानिकांची घरे आणि अटींसह पर्यटन प्रकल्प एवढ्यांनाच वाव आहे. याचा सरळ अर्थ असा की गोव्याच्या गावात बाहेरच्या माणसाला वाळूला लागून नवा फ्लॅट कोणी विकत असेल, तर आनंदित होण्यापूर्वी त्याच्याकडे सर्व्हे क्रमांक टाकलेला आराखडा मागावा. कोचीजवळच्या मरडू येथे पाण्याच्या काठावरील चार मोठी निवासी संकुले किनारी नियमांच्या भंगासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशानुसार जानेवारी २०२० मध्ये स्फोटकांनी पाडण्यात आली. तीनशेहून अधिक कुटुंबांची घरे गेली आणि त्यांच्या पदरात तातडीची म्हणून प्रत्येकी २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई पडली. त्या घरांच्या खरेदीखतांची रीतसर नोंदणी झालेली होती, बँकांनी त्यांवर कर्जेही दिली होती.

आमच्या बाल्कनीतून माडांच्या शेंड्यांवर समुद्राची एक निळी पट्टी दिसते, आणि पावसाळ्यात उधाणाच्या वेळी गाज स्पष्ट ऐकू येते. चालत गेल्यास सुरूच्या बनातून वाळूपर्यंत पोहोचायला दहा मिनिटे पुरतात. मोरजी-मांद्र्याच्या या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यापासून अंडी घालायला येतात, त्यामुळे त्या काळात किनाऱ्यावरील दिवे आणि आवाज यांवर निर्बंध असतात. ज्यांना रात्रभर संगीत हवे आहे त्यांनी बागा-कळंगुटकडे पाहावे. आमच्यासारख्यांना ही शांतता फुकटात मिळते. दाबोळी विमानतळापेक्षा मोपाचा विमानतळ जवळ असल्यामुळे, २०२३ च्या जानेवारीत तिथून प्रवासी विमाने सुरू झाल्यापासून या भागाचे दर कसे चढले, हे वेगळे सांगायला नको.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रातून गेलेला माणूस सातबारा शोधतो; इथे एक-चौदाचा उतारा, जमीन बिगरशेती केल्याची सनद आणि झोन दाखला पाहावा लागतो, शिवाय जागेवर कूळ किंवा मुंडकार (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा) यांचा हक्क नाही आणि जमीन कोमुनिदादची, म्हणजे जुन्या गावसंस्थेची, नाही याची खात्री करावी लागते. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी कायद्यामुळे पती-पत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक धरली जाते, म्हणून जमीनमालकाच्या बाजूने दोघांच्याही सह्या हव्यात. आमच्या व्यवहारात मूळ जमीन एका मोठ्या कुटुंबाची होती आणि वारसनिश्चितीची इन्व्हेंटरी पूर्ण झालेली असल्याने काम सुकर झाले. वकील मात्र स्वतःचा, आणि तोही पणजी किंवा म्हापशाचा घ्यावा. पुण्या-मुंबईच्या वकिलाला या कायद्यातील खाचाखोचा सहसा ठाऊक नसतात.

किमतीबाबत बिल्डरने पहिल्या भेटीत १२० चौरस मीटरचा आकडा सांगितला. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन, कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट क्षेत्र (घराच्या आतले वापरण्याजोगे क्षेत्र) मोजले तेव्हा ते ७८ चौरस मीटर भरले. या व्याख्येत आतल्या भिंती धरल्या जातात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खासगी गच्ची धरली जात नाही. एरवी ही बाब किरकोळ वाटेल. परंतु समुद्राकडे तोंड असलेल्या घरात सर्वाधिक पैसे बाल्कनीसाठीच मोजलेले असतात, म्हणून कार्पेट, बाल्कनी आणि सामाईक जागेचा वाटा हे तीन आकडे वेगवेगळे लिहून घेतल्याशिवाय दोन प्रकल्पांची तुलना होऊच शकत नाही. एकूण व्यवहार सव्वादोन कोटींच्या घरात गेला. बांधकाम चालू असताना घेतल्यामुळे त्यावर ५ टक्के जीएसटी लागला, जो पूर्तता दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घराला लागत नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्याहून वेगळी. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या प्राप्तिकरापोटीची रक्कम) कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदारावर असते, आणि विक्रेता अनिवासी असेल तर दर व नियम दोन्ही बदलतात.

आता बांधकाम, ज्याच्याविषयी विक्री प्रतिनिधी कमीत कमी बोलतात. खाऱ्या हवेतील क्लोराइड काँक्रीटमध्ये झिरपत सळईपर्यंत पोहोचले की गंज धरतो, गंज फुगतो आणि आतून काँक्रीटचे टवके उडवतो. म्हणून आयएस ४५६ : २००० या मानकात किनारी हवेला तोंड देणाऱ्या काँक्रीटसाठी किमान एम ३० प्रत (मजबुतीचा दर्जा) आणि सळईवर ४५ मिलिमीटरचे आवरण सांगितले आहे, एरवीच्या मध्यम परिस्थितीत एम २५ आणि ३० मिलिमीटर चालते. आम्ही क्यूब चाचण्यांचे, म्हणजे काँक्रीटचे नमुने दाबून मजबुती तपासल्याचे, अहवाल मागितले तेव्हा बिल्डरच्या अभियंत्याने ते न कुरकुरता दिले आणि आवरणासाठी वापरलेले ठोकळे प्रत्यक्ष दाखवले. या एका गोष्टीने माझा त्या माणसावर जेवढा विश्वास बसला, तेवढा संगमरवरी लॉबीने बसला नसता. सांगाडा, गिलावा आणि उतरत्या कौलांचे छप्पर यांना मी चांगले गुण देईन. जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात सपाट गच्चीचा हट्ट न धरणाऱ्या वास्तुविशारदाचे कौतुकच केले पाहिजे.

धातूकामात मात्र हात आखडता घेतलेला दिसतो. बाल्कनीचे कठडे ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे आहेत. समुद्रकाठी मॉलिब्डेनमयुक्त ३१६ प्रत लागते. फरक किमतीत फारसा नाही, पण पहिल्याच पावसाळ्यानंतर कठड्यांवर चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके आले आणि आता ते दर पंधरवड्याला गोड्या पाण्याने पुसावे लागतात. दारांच्या बिजागऱ्या आणि विजेच्या पेट्यांचे स्क्रू यांचीही तीच गत झाली. खिडक्या यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) असल्याने वाचल्या. नैऋत्येकडून येणारी पावसाची झड बाल्कनी ओलांडून दिवाणखान्याच्या फरशीवर येते, आणि गावातली जुनी घरे पावसाळ्यापूर्वी झावळ्यांचे आडोसे का बांधतात याचे उत्तर तिथेच मिळते. आम्ही शेवटी गुंडाळता येणारा ताडपत्रीचा पडदा लावून घेतला. एअर कंडिशनरचे बाहेरचे युनिट पश्चिमेच्या भिंतीवर उघड्या वाऱ्यात टांगण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याने किनाऱ्यावर कधी एक पावसाळाही काढलेला नसावा.

तरणतलाव पार्किंगच्या छतावर, म्हणजे पोडियमवर आहे. छायाचित्रात तो फार देखणा दिसतो. पाहणाऱ्याने मात्र खाली पार्किंगमध्ये उतरून त्या स्लॅबचा तळ पाहावा. मायामीजवळील सर्फसाइडमध्ये चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही १९८१ मध्ये बांधलेली बारा मजली समुद्रकाठची इमारत २४ जून २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर अंशतः कोसळून ९८ माणसे मृत्युमुखी पडली. तलावाच्या प्रांगणाखालील जलरोधक थर निकामी झाल्याचे आणि त्यामुळे खालच्या काँक्रीटची हानी होत असल्याचे एका अभियंत्याने २०१८ मध्येच लिहून दिले होते, आणि दुरुस्तीचा प्रचंड खर्च सदनिकाधारकांनी कसा वाटून घ्यायचा यावर पुढे चर्चाच चालू राहिली. आमची इमारत तिच्या मानाने ठेंगणी आहे, तळमजल्यावर दोनच मजले, त्यामुळे घाबरवण्याचा हेतू नाही. पण आमच्याही स्लॅबच्या तळाला दोन ठिकाणी क्षार फुटून पांढरे ओघळ आले आहेत आणि बिल्डरने ते रंगाने झाकण्याचा प्रयत्न केला. रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत लक्षात आणून दिलेला बांधकामातील दोष बिल्डरने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. आम्ही रहिवाशांनी तशी लेखी नोटीस दिली, तेव्हा रंगारी परत गेला आणि जलरोधकाचे काम करणारी माणसे आली.

स्पाकडे वळतो. तळमजल्यावर दोन मसाज कक्ष, एक सौना, एक स्टीम रूम, जाकुझी, थंड पाण्याचे कुंड, योगासाठी लाकडी फरशीचे दालन आणि ‘मिठाची खोली’ एवढे सारे आहे. यातील योगदालन सर्वांत साधे आणि सर्वांत उपयोगाचे ठरले. पूर्वेकडे उघडणारी मोठी दारे, समोर भातखाचरे, पहाटेचा वारा. त्याला ना यंत्र लागते ना कर्मचारी, आणि रहिवाशांपैकी निम्मे लोक तिथे नियमित येतात. आयुर्वेदिक मसाजही उत्तम आहे. केरळातून आलेले दोन अनुभवी मालिशकार अभ्यंग आणि शिरोधारा करतात, लाकडी द्रोणी अस्सल आहे, तेल दरवेळी नव्याने कोमट केले जाते, आणि रक्तदाब विचारल्याशिवाय ते स्वेदनाला (घाम आणणाऱ्या वाफेच्या शेकाला) बसवत नाहीत. पण हा मसाज मेंटेनन्समध्ये धरलेला नाही. दर बाहेरच्या पाहुण्यांपेक्षा थोडा कमी असला, तरी गावातल्या चांगल्या केंद्रापेक्षा तो स्वस्त नाही.

सौना फिनलंडची प्रथा आहे आणि बाहेर बर्फ असताना तिला जो अर्थ असतो, तो मे महिन्यातल्या मांद्र्यात उरत नाही. ८० ते ९० अंशांची कोरडी उष्णता मिळवण्यासाठी खोलीच्या दर घनमीटरला साधारण एक किलोवॉट क्षमतेचा हीटर लागतो, आणि तो अर्धा-पाऊण तास आधी चालू करावा लागतो. त्यामुळे एकट्यादुकट्या माणसासाठी सौना तापवणे व्यवस्थापकाच्या जिवावर येते आणि तो ‘आज दुरुस्तीचे काम आहे’ असे सांगून मोकळा होतो. स्टीम रूमचे छत सपाट ठेवले आहे. छताला उतार नसल्याने साचलेल्या वाफेचे थेंब भिंतीवरून ओघळण्याऐवजी बसणाऱ्याच्या टाळूवर पडतात. खर्च न वाढवता टाळता आली असती अशी ही चूक आहे. जाकुझीचे पाणी ३८ ते ४० अंशांवर ठेवतात. एवढ्या कोमट पाण्यात क्लोरिन लवकर उडते आणि जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून पाण्याची आम्लता (पीएच) ७.२ ते ७.८ च्या दरम्यान आहे का आणि क्लोरिन पुरेसे आहे का याची रोजची नोंदवही भिंतीवर टांगलेली असावी. आमच्याकडे ती हंगामात नियमित भरली जाते आणि पावसाळ्यात, म्हणजे कर्मचारी निम्म्यावर आल्यावर, रिकामी राहते. पावसाळ्यात मी जाकुझीत उतरत नाही.

मिठाच्या खोलीबद्दल मात्र सविस्तर लिहिलेच पाहिजे, कारण माहितीपत्रकाची दोन पाने तिलाच वाहिलेली होती. भिंतींना गुलाबी सैंधवाच्या विटा, मागून मंद दिवे, बसायला आरामखुर्च्या, आणि श्वसनसंस्थेच्या शुद्धीचे आश्वासन. दम्यावर किंवा ॲलर्जीवर उपचार म्हणून अशा खोलीचा उपयोग होतो याला पुरेसा वैद्यकीय आधार नाही. पण तो मुद्दा बाजूला ठेवला, तरी भौतिकशास्त्राचा मुद्दा उरतोच. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी ओढून घेऊन स्वतः विरघळू लागते, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवा यापेक्षा दमट असते. म्हणून त्या खोलीतील आर्द्रता कमी करणारे यंत्र दिवसरात्र चालवावे लागते. जुलैत वीज काही तास गेली आणि जनित्राच्या भारात ते यंत्र धरलेले नव्हते, तेव्हा भिंती अक्षरशः पाझरल्या आणि खालच्या लाकडी पट्ट्या फुगल्या. ज्या हवेतल्या मिठाने बाहेरचे कठडे खाल्ले, तेच मीठ दुरून विकत आणून, बंद खोलीत ठेवून, त्याला कोरडे राखण्यासाठी वीज जाळायची, हा व्यवहार मला अजून उमगलेला नाही. फुकटचे खारे वारे हवे असतील तर दहा मिनिटांवर समुद्र आहे.

पाण्याचा प्रश्नही इथेच येतो. पेडणे तालुक्याला चांदेलच्या शुद्धीकरण केंद्रातून पाणी मिळते आणि मार्चनंतर किनाऱ्याकडच्या वाड्यांना ते पुरे पडत नाही. संकुल टँकर मागवते. शेजारच्या वाडीत घागरी भरण्याच्या वेळा ठरलेल्या असताना आपल्याकडे थंड कुंडाचे पाणी बदलले जात आहे, हे पाहून कोणालाही अवघडल्यासारखे होईल. उन्हाळ्यात कुंड बंद ठेवावे असा ठराव आम्ही रहिवाशांनी मांडला आणि तो संमत झाला.

मेंटेनन्स दरमहा अकरा हजारांच्या आसपास आहे. दरमहा ७५०० रुपयांची मर्यादा ओलांडल्यामुळे त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, ही गोष्टही ताबा देताना हळूच सांगितली जाते. या रकमेतील सर्वांत मोठा वाटा सुरक्षारक्षकांचा किंवा बागेचा नाही, तो स्पाच्या विजेचा, पाण्याचा आणि यंत्रांच्या देखभालीचा आहे, मग तुम्ही वर्षातून दोन आठवडे या की बारा महिने राहा. याहून महत्त्वाचा मालकीचा प्रश्न. रेरा कायद्यात सामाईक क्षेत्राची जी व्याख्या आहे, तिच्यात प्रकल्पात दिलेल्या सर्व सामूहिक आणि व्यापारी सुविधांचा समावेश आहे. तरीही आमच्या कराराच्या पहिल्या मसुद्यात स्पा व क्लबहाउस ‘प्रवर्तकाकडे राखीव’ असून खरेदीदारांना ठरावीक वर्षांचे सदस्यत्व मिळेल, असे एक कलम परिशिष्टात दडवलेले होते. म्हणजे खर्च रहिवाशांचा आणि उत्पन्न बिल्डरचे. वकिलाने ते कलम काढायला लावले. त्यासाठी बराच पत्रव्यवहार करावा लागला, पण वेळ आमच्या बाजूने होती, कारण करार नोंदवण्यापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याची बिल्डरला कायद्याने मुभाच नाही. ज्यांनी घाईने सही केली, त्यांच्या कराराशी आमचा करार आता जुळत नाही, आणि सोसायटीच्या सभेत त्यावरून दरवेळी वाद होतो.

‘तुम्ही नसताना फ्लॅट आम्ही भाड्याने देऊ, वर्षाला इतके टक्के परतावा’ हे आश्वासन मी हिशेबात धरले नाही आणि इतरांनीही धरू नये. पर्यटकांना घर अल्पमुदतीसाठी देण्यासाठी गोव्याच्या १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते, चालवणाऱ्या कंपनीचा वाटा मोठा असतो, आणि भाडेकरूंनी खराब केलेल्या गाद्यांचा खर्च त्यातूनच वजा होतो. शिवाय जितके फ्लॅट पाहुण्यांनी भरतात, तितकी स्पामधील गर्दी वाढते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्हाला आमच्याच मसाज कक्षात वेळ मिळाली नाही.

बिल्डरकडे अजून काही फ्लॅट शिल्लक आहेत, म्हणून इच्छुकांसाठी एवढे सांगतो. पूर्वेकडील विंग पाहावी. तिथून समुद्र दिसत नाही, समोर भातखाचरे आणि मागे काजूची टेकडी दिसते. पण झड येत नाही, खारा वारा इमारतच अडवते, सकाळचे ऊन मिळते आणि चौरस मीटरमागे दर बराच कमी आहे, तर स्पावरचा हक्क मात्र पश्चिमेकडच्या फ्लॅटइतकाच. पश्चिमेचाच आग्रह असेल तर कौलाखालचा वरचा मजला घ्यावा आणि एअर कंडिशनरची जागा बाजूच्या भिंतीवर बदलून मागावी. पश्चिमेच्या पहिल्या मजल्यावरील कोपऱ्याचा फ्लॅट, जो सध्या सवलतीत देऊ करतात, तो टाळावा. स्टीम रूमची हवा बाहेर टाकणारा पंखा नेमका त्याच्या शयनगृहाच्या खिडकीखाली बसवलेला आहे.